आधी निदान, मग फवारा

(बडनेरा येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रकावर विषय वाचून काही मंडळींनी विचारलं, की कापसाचा भाव, पीककर्ज, वीज हे सगळं सोडून आज टायफॉईड आणि हगवण कशाला काढली? प्रश्न रास्त आहे. आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही शिकलो शेती, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात. पण गावोगाव बैठका घेताना कर्जाचा हिशेब मांडायला बसलो, की एक गोष्ट दर वेळी दिसते. बियाण्याला किती गेले, खताला किती गेले, फवाऱ्याला किती गेले, हे कास्तकार तोंडपाठ सांगतो. मग आम्ही विचारतो, घरातल्या तापाला किती गेले? तिथं सगळे गप्प. खताची पावती फायलीत असते, दवाखान्याची चिठ्ठी पावसात भिजून गेलेली असते.

आणि हा खर्च येतो केव्हा? आषाढ-श्रावणात. हातातला पैसा पेरणीत मातीखाली गेलेला, माल यायला चार महिने, वावरात तण गुडघ्याएवढं, आणि घरातलं एक माणूस तापानं पडलेलं. त्याच्याजवळ दुसरं बसलेलं. म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली, निंदण मागं पडलं आणि वरून दवाखान्याचं बिल. हे पैसे बँक देत नाही. ते सावकाराकडूनच येतात. म्हणून हा विषय शेतीच्या बाहेरचा नाही.

आज आम्हाला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. ती तुम्ही पऱ्हाटीत आधीच शिकलेले आहात, आणि तिची किंमतही मोजलेली आहे. अळी कोणती हे पाहिल्याशिवाय फवारा मारायचा नसतो. तापाचंही तेच आहे.

रोग अनेक, वाट एकच

आधी रोगांची नावं नीट करून घेऊ. टायफॉईड म्हणजे विषमज्वर. आपल्याकडं जुनी माणसं मुदतीचा ताप म्हणतात, कोणी मोतीझिरा म्हणतात. त्याचा धाकटा भाऊ पॅराटायफॉईड. पटकी म्हणजे कॉलरा. रक्त-आव पडते ती आमांशाची हगवण. लहान लेकरांना हिवाळ्यात जास्त करून होते ती रोटा नावाच्या विषाणूची हगवण. आणि पाण्यातून येणारी कावीळ. रोग वेगळे, जंतू वेगळे, औषधं वेगळी. पण यायची वाट एकच: एका माणसाची विष्ठा दुसऱ्या माणसाच्या तोंडात जाते. ऐकायला घाण वाटतं, पण यापेक्षा सोज्वळ शब्दांत हे सांगता येत नाही.

टायफॉईडच्या जंतूबद्दल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा जंतू ढोरांत राहत नाही, कोंबड्यांत राहत नाही. तो फक्त माणसाच्या शरीरात राहतो. म्हणजे ज्याला टायफॉईड झाला, त्याच्या पोटात तो दुसऱ्या कोणत्या तरी माणसाकडूनच आला. मधे विहीर असेल, फुटका पाईप असेल, भंडाऱ्यातली बुंदी असेल किंवा न धुतलेला हात असेल.

काही माणसं बरी होतात, पण जंतू त्यांच्या पित्ताशयात घर करून राहतो. माणूस धडधाकट दिसतो, कामाला जातो, आणि त्याच्या शौचातून जंतू पडत राहतो. न्यूयॉर्कमध्ये १९०७ साली मेरी मॅलन नावाची अशी एक स्वयंपाकीण सापडली. ती स्वतः कधी आजारी दिसली नाही, पण जिथं स्वयंपाकाला राहिली तिथं टायफॉईड निघाला. आपल्या गावात पाचशे माणसांचा भंडारा होतो, तेव्हा पीठ मळणाऱ्याच्या आणि वाढणाऱ्याच्या हाताला साबण लागला का, हे पाहणारा एक माणूस नेमायला काय हरकत आहे?

आपल्या आजीच्या काळी पटकी आली की मरीमायचा गाडा काढून शिवेबाहेर नेत. आम्ही त्या माणसांना हसत नाही. रोग बाहेरून येतो आणि तो गावाबाहेर घालवायला सगळ्या गावानं एकत्र यावं लागतं, हे त्यांना कळलेलं होतं. फक्त रोग पाण्यातून येतो हे ठाऊक नव्हतं. आपल्याला ते ठाऊक आहे. तरी सगळं गाव एकत्र येत नाही.

पाचडोंगरीची विहीर

लांबचं उदाहरण नको. आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं, २०२२ सालच्या जुलै महिन्यातलं घ्या. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा निघाला. मेळघाटातच नव्हे, अमरावती तालुक्यातल्या नया अकोल्यातही रुग्ण निघाले. जुलैच्या मध्यापर्यंत पावणेदोनशेहून जास्त रुग्णांची आणि पाच मृत्यूंची सरकारी नोंद झाली.

हे कसं झालं ते नीट पाहा, कारण यात आपल्या सगळ्यांची गोष्ट आहे. गावात नळयोजना होती. तिचं वीजबिल थकलं. वीज तोडली. मोटार बंद पडली. नळाला पाणी नाही म्हणून लोक उघड्या विहिरीवर गेले. पावसाचा पूर वरची सगळी घाण घेऊन त्या विहिरीत उतरला. लोकांनी तेच पाणी प्यायलं.

यात जंतूचा दोष किती आणि थकलेल्या बिलाचा किती? कॉलऱ्यावर औषध आहे, उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. माणसं मेली ती बिल, मोटार आणि विहीर यांच्यामधल्या फटीत. आज या मांडवात किती गावांच्या नळयोजनेचं बिल थकलेलं आहे? हात वर करू नका, मनात मोजा.

आपल्या खारपाणपट्ट्यात तर हे आणखी अवघड आहे. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणली तरी पिता येत नाही. गोडं पाणी धरणावरून पाईपानं यायचं, आणि ते रोज येत नाही. आलं की घरातला रांजण, ड्रम, टाकी, जे असेल ते भरून ठेवायचं. पाईपात पाणी नसतं त्या दिवसांत पाईप रिकामा असतो, आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं गटाराचं पाणी फुटक्या जोडातून आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला नळ सोडला की सुरुवातीचं पाणी तेच. म्हणून नळ आला की पहिलं पाणी पिण्याला भरायचं नाही. ते सांडायला वापरा, ढोरांचा गोठा धुवा, आणि स्वच्छ धार आली की मग गुंड लावा.

टायफॉईड पोटात काय करतो

जंतू पोटात गेला म्हणजे दुसऱ्या दिवशी ताप येत नाही. साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून परवाच्या लग्नातल्या जेवणाला दोष देऊ नका. मागच्या पंधरवड्यात कुठलं पाणी प्यालो ते आठवा.

हा ताप एकदम चढत नाही, पायरीपायरीनं चढतो. आज थोडा, उद्या त्याहून जास्त, संध्याकाळी आणखी जास्त. डोकं दुखतं, भूक मरते, जिभेवर पांढरा थर येतो, पोटात दुखतं. मोठ्या माणसाला अनेकदा जुलाब होत नाहीत, उलट बद्धकोष्ठ होतं. म्हणून जुलाब नाहीत म्हणजे टायफॉईड नाही, असं समजू नका. जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा करतो. उपचार झाला नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथून रक्त जाऊ शकतं, आतड्याला भोक पडू शकतं. भोक पडलं तर पोट लाकडासारखं कडक होतं, आणि ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं. प्रतिजैविक औषधं येण्यापूर्वी या रोगानं शंभरातली दहा ते वीस माणसं मरत. योग्य औषध वेळेवर मिळालं तर आज शंभरात एकही मरायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट. बरोबर औषध सुरू केलं तरी टायफॉईडचा ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. हे कोणी सांगत नाही. मग तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, या डॉक्टरचा गुण नाही. तो दुसऱ्याकडं जातो, दुसरा औषध बदलतो. पाचव्या दिवशी ताप उतरतो, श्रेय दुसऱ्याला मिळतं, आणि बिल दोघांचं द्यावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे ताप उतरला की गोळ्या बंद करायच्या. अर्धा मेलेला जंतू आत तसाच राहतो.

विडालची चिठ्ठी

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. पावसाळ्यात कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. ताप आला की रक्त काढतात, तासाभरात चिठ्ठी हातात येते: "विडाल पॉझिटिव्ह". म्हणजे टायफॉईड. लगेच सलाईन, सात दिवस इंजेक्शन, आणि बिल.

ही विडाल तपासणी आहे १८९६ सालची. फ्रान्सच्या फर्नां विडाल यांनी ती काढली. त्या काळी ती मोठी गोष्ट होती. पण ती जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला शरीरानं जे तयार केलं ते ती शोधते. आता तुमच्या वावरातलं उदाहरण घ्या. पऱ्हाटीच्या पानाला भोक दिसलं, म्हणजे कधी तरी अळी येऊन गेली एवढंच कळतं. ती आज आहे का, हे कळत नाही. कोणती होती तेही कळत नाही. आपल्यासारख्या मुलखात, जिथं लहानपणापासून घाण पाणी पोटात गेलेलं आहे, तिथं धडधाकट माणसाची विडालही पॉझिटिव्ह येऊ शकते. लस घेतली असेल तरी येऊ शकते. दुसऱ्या तापातही येऊ शकते. उलट खरा टायफॉईड असला तरी पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. एका विडालच्या चिठ्ठीवर टायफॉईड ठरवणं म्हणजे पानाचं भोक पाहून चाळीस पंप फवारणं.

खरी तपासणी आहे रक्ताचं कल्चर. रक्त बाटलीत घालून जंतू वाढवून पाहतात. तिला दोन ते पाच दिवस लागतात. तीही शंभर टक्के पकडत नाही, साधारण निम्म्या रुग्णांत पकडते. पण पकडलं तर जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, ही दोन्ही उत्तरं मिळतात. अट एकच: रक्त प्रतिजैविकाची पहिली गोळी घ्यायच्या आधी काढायचं. फवारा मारल्यावर अळी मोजून काय उपयोग? म्हणून डॉक्टरसमोर बसलात की नम्रपणे एवढंच विचारा, "डॉक्टरसाहेब, औषध सुरू करण्याआधी कल्चरला रक्त पाठवता येईल का? मलेरिया पाहिला का?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही.

टायफॉईड खेड्यात खरंच किती असतो, याचा एक मोठा अभ्यास आपल्या देशात २०१७ ते २०२० या काळात झाला. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर या शहरांतल्या वस्त्या आणि पुणे जिल्ह्यातला ग्रामीण भाग, अशा चार ठिकाणी मिळून सुमारे चोवीस हजार मुलांवर लक्ष ठेवलं. ताप आला की रक्ताचं कल्चर केलं. शहरांत लाख मुलांमागं वर्षाला ५७६ ते ११७३ टायफॉईड निघाले. पुण्याच्या ग्रामीण भागात निघाले ३५. पुण्याकडचं खेडं म्हणजे वऱ्हाडातलं खेडं नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे. पण एवढं तरी कळतं, की खेड्यातल्या प्रत्येक तापाला टायफॉईडचं लेबल लावायला आधार नाही.

मग तो ताप कशाचा असतो? मलेरियाचा असू शकतो, डेंग्यूचा असू शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले. नाव टायफॉईडसारखं वाटतं, पण रोग अगदी वेगळा. गवतातल्या सूक्ष्म किड्याच्या चावण्यानं होतो. काखेत, जांघेत, कमरेपाशी विडीनं चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते. धुऱ्यावर गवत कापणाऱ्या बाईला तो होऊ शकतो. त्याला डॉक्सिसायक्लीन हे साधं, स्वस्त औषध लागू पडतं, आणि टायफॉईडची महागडी इंजेक्शनं लागू पडत नाहीत. विडालवर विसंबून आठवडा गेला तर पैसा जातो आणि माणूसही जातो.

आणि एक इशारा फवारणीच्या दिवसांचा. ओकारी, जुलाब, पोटात पिळा ही लक्षणं विषबाधेचीही असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारून आलेल्या माणसाला ओकारी-जुलाब लागले, घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, तर हगवण समजून घरी ठेवू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या.

अळी आणि जंतू

आता आमच्या विषयाकडं येतो. कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉईड आली तेव्हा काय कौतुक होतं! एक फवारा मारला की हिरवी बोंडअळी पटापट खाली. मग दोन फवारे लागले, मग पाच, मग दोन औषधं एकत्र करून. काही वर्षांत अळी औषधाला भीक घालेना. पुढं २००२ साली बीटीला परवानगी मिळाली. काही वर्षं बोंडं स्वच्छ आली. २०१७ साली शेंदरी बोंडअळीनं विदर्भात काय केलं, ते या मांडवातल्या कोणाला सांगायला नको.

टायफॉईडच्या जंतूची गोष्ट अक्षरशः हीच आहे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि टायफॉईड बरा होऊ लागला. १९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्या केरळात कालिकतला त्याला दाद न देणारा जंतू निघाला. १९९० च्या आसपास जुनी तिन्ही औषधं एकदम निकामी करणारा जंतू देशभर पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं. ते सर्दीला दिलं, खोकल्याला दिलं, जुलाबाला दिलं, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलं. आज आपल्या देशात टायफॉईडवर त्याचा भरवसा धरता येत नाही. मग सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन आलं. २०१६ पासून पाकिस्तानात सिंध प्रांतात त्यालाही न जुमानणारा जंतू पसरला. तिथं साध्या रुग्णाला देण्यासारखी तोंडानं घ्यायची एकच गोळी उरली, अझिथ्रोमायसीन. जंतूला पासपोर्ट लागत नाही.

यात एक दिलासाही आहे. आपल्याकडं जुनं क्लोरॅम्फेनिकॉल वापरणं जवळजवळ थांबलं, आणि आता बहुतेक जंतूंवर ते पुन्हा लागू पडताना दिसतं. औषधाला विश्रांती दिली तर त्याची धार परत येऊ शकते. पण त्यासाठी आधी हात आवरावा लागतो. म्हणून सांगतो: मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या या वर्षीच्या तापाला देऊ नका. शेजारणीची चिठ्ठी आपल्या लेकराला लावू नका. आणि डॉक्टरनं जितके दिवस सांगितले तितके दिवस गोळ्या पुऱ्या करा. हे औषध एकट्याच्या मालकीचं नाही. गावतळ्यासारखं ते सगळ्यांचं आहे. एकानं नासवलं की सगळ्यांचं नासतं.

बाटली आणि भाकर

सलाईनबद्दल दोन शब्द. "सलाईन लावल्याशिवाय ताकद येत नाही", असं माणूस स्वतःच डॉक्टरला सांगतो. मग डॉक्टरही लावतो. त्या अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत असते २५ ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे पाच चमचे. तिच्यातून जेवढी शक्ती मिळते, ती ज्वारीच्या एका भाकरीएवढीही भरत नाही. ज्याला गिळता येतं, ज्याला ओकारी थांबत नाही असं नाही, त्याला त्या बाटलीची गरज नाही. टायफॉईडच्या रुग्णाला लंघन घालायची जुनी रीतही सोडा. मऊ कण्या, वरणभात, केळं, शिजलेलं जे पचेल ते थोडं थोडं द्या.

हगवणीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं. ते तोंडानंच परत घालता येतं, हे १९७१ साली बंगालात डॉ. दिलीप महालनोबीस यांनी दाखवून दिलं. बांगलादेशच्या युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून ड्रम भरून ठेवले आणि नातेवाइकांच्या हातांनी रुग्णांना पाजले. जिथं शंभरात तीसच्या आसपास मरत होते, तिथं चारहून कमी मरू लागले. तेच पुढं जगभर ओआरएस झालं.

ते पाकीट आशाताईकडं, आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. नसेल तर घरी करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त नको, ते बाधतं. लेकराला दर जुलाबानंतर चमच्या-चमच्यानं पाजा, अंगावरचं दूध बंद करू नका. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस. जुलाब थांबले तरी ती पुरी करायची. पण लेकराचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, गुंगी आली, शौचात रक्त दिसलं किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब धो-धो लागले, तर घरी थांबू नका. अमरावतीला इर्विन आहे, अकोल्याला सर्वोपचार आहे. तिथं न्या. मोठ्या माणसाचा ताप तीन दिवसांवर गेला तरी न्या.

गावाचं काम

इथपर्यंतचं झालं आजारी पडल्यावरचं. खरं काम त्याआधीचं आहे, आणि तिथं डॉक्टर लागत नाही.

विहिरीत टीसीएल टाकायची, हे सगळ्यांना माहीत आहे. किती टाकायची, हे कोणाला माहीत नाही. मूठभर फेकतात, बस. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास फुटांत मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले बावीस. आले ते लिटर. बारा फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर बारा बारे एकशे चव्वेचाळीस, दाहे चौदाशे चाळीस, त्याला बावीसनं गुणलं की साधारण ३१,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल. म्हणजे ऐंशी ग्रॅम. पाणी गढूळ असेल किंवा गावात साथ असेल तर दुप्पट. पावडर आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडून हलवायची. तासभर कोणी पाणी भरायचं नाही. रात्री टाकली तर सकाळी पाणी तयार. पावसाळ्यात पिण्याच्या विहिरीला हे रोजचं काम आहे.

आणि पावडर जिवंत आहे का, ते पाहा. उघड्या पोत्यात, ग्रामपंचायतीच्या ओल्या कोपऱ्यात वर्षभर पडलेली टीसीएल म्हणजे नुसता चुना. नाकाला झोंबत नसेल तर ती मेलेली समजा, आणि नवीन मागा. शेवटच्या घरातल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलं का, हे थेंब टाकून पिवळा रंग येतो का यावरून जलसुरक्षक तपासतो. टाकीजवळच्या नळाचं नव्हे, शेवटच्या घरातल्या नळाचं पाहा. शेवटचं घर कोणाचं असतं, ते आपल्याला माहीत आहे.

आरोग्य खातं दर वर्षी पाण्याची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे? सातबारा पाहता तसं एकदा तेही पाहा.

घरात पिण्याचं पाणी झाकून ठेवा आणि ओगराळ्यानंच घ्या. गडवा बुडवला की हातही बुडतो. शौचाहून आल्यावर आणि भाकरी थापायच्या आधी साबण. राखेनंही चालेल, पण नुसत्या पाण्यानं नको. संडासचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचा फोटो प्रत्येक ग्रामपंचायतीत असतो. त्या फोटोखालच्या बाटलीत साबण आहे का, तेही कधी तरी पाहावं.

आणि एक गोष्ट वावराची. निंदणाला, वेचणीला मजूर बाया येतात. त्यांना आपण पाणी कोणतं देतो? घरी लेकरांना उकळून आणि बायांना नाल्यातलं, असं असेल तर ते बंद करा. ती बाई आजारी पडली की तिच्या घरची चूल बंद पडते, आणि तुमची वेचणीही. जंतू मालक-मजूर पाहत नाही. तिच्या घरून तो तुमच्या घरी येणारच.

लशीबद्दलही विचारतात. टायफॉईडची नवी लस एका सुईची आहे, सहा महिन्यांच्या लेकरापासून देता येते. ती आपल्याच देशात, हैदराबादला तयार झाली. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ साली एक लाखाहून जास्त मुलांना ती मोहीम काढून दिली. नेपाळ, बांगलादेश, मलावी इथल्या चाचण्यांत दहापैकी आठ टायफॉईड तिनं रोखले. सरकारच्या सल्लागार गटानं ती सरकारी लसीकरणात घ्यावी अशी शिफारस २०२२ साली केली आहे. आपल्या आरोग्य केंद्रात मिळते का ते विचारा, नसेल तर मागणी लावून धरा. पण लस घेतली म्हणून विहीर उघडी ठेवायची नाही. तिनं कॉलरा थांबत नाही, हगवण थांबत नाही, कावीळ थांबत नाही.

तेव्हा या बैठकीतून जाताना प्रत्येक गावच्या मंडळींनी तीन कामं घेऊन जावीत. पहिलं, येत्या ग्रामसभेत नळयोजनेचं वीजबिल किती थकलं आणि ते कसं भरणार, हा प्रश्न पहिल्या क्रमांकावर ठेवायचा. दुसरं, आपल्या पिण्याच्या विहिरीचा व्यास आणि खोली मोजून टीसीएलचा आकडा विहिरीच्या कठड्यावर रंगवून ठेवायचा, म्हणजे कोणालाही टाकता येईल. तिसरं, पुढचे चार महिने घरातल्या तापा-जुलाबाचा खर्च पिकाच्या खर्चाच्याच वहीत लिहायचा: कोणती तपासणी, किती बाटल्या, किती दिवस काम बुडालं. पुढच्या जिल्हा बैठकीला त्या वह्या सोबत आणा. कापसाच्या उत्पादनखर्चाचा हिशेब मांडताना आपण हा खर्च आजवर कधी धरलाच नाही. या वेळी धरू.